शाळेसमोरची वेगमर्यादा: पाटीपासून चलानापर्यंत, इंदूरच्या पालकांसाठी

पुण्या-नागपुराहून बदली होऊन इंदूरला आलेल्या घरांचे पहिल्या महिन्यातले प्रश्न ठरलेले असतात. घर सुदामानगरात बघावं की विजयनगरकडे, मुलाला कुठल्या बोर्डाच्या शाळेत घालावं, हे सगळं मार्गी लागतं. मग शाळा सुरू होते आणि फाटकासमोरून सुसाट जाणाऱ्या गाड्या बघून पुढचा प्रश्न येतो: याबद्दल बोलायचं कोणाशी? आमच्या शाळेच्या पालकसंघातर्फे ही कागदपत्रांची धावपळ माझ्याकडे होती. आता तिथे पाटी आहे, उंचवटा आहे आणि अधूनमधून स्पीडगन घेतलेली पोलिसांची गाडीही उभी असते. तिथवर कसं पोचायचं ते खाली क्रमाने लिहिलं आहे.

आधी एक समज काढून टाका. शाळा आली की कमी वेगमर्यादा आपोआप लागू होते, असं बहुतेकांना वाटतं. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठी कमाल वेग दिले आहेत: कारला ताशी ७० किलोमीटर, दुचाकीला ६०, बस आणि मालवाहू गाड्यांना ६०, तीनचाकी रिक्षाला ५०. त्यात शाळेसाठी वेगळा रकाना नाही. त्याहून कमी मर्यादा घालायचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ च्या पोटकलम २ ने राज्य सरकारला आणि राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाला दिला आहे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: राजपत्रातली अधिसूचना, आणि कलम ११६ प्रमाणे त्या जागी लावलेली पाटी. दोन्ही नसतील तर पोलिसाच्या हातात शहराची सर्वसाधारण मर्यादा तेवढी उरते, आणि शाळेसमोरून ५५ ने गेलेल्या कारला वेगासाठी चलान करायला आधारच राहत नाही. म्हणून "पोलीस काही करत नाहीत" म्हणण्याआधी कागद पाहा.

१. रस्ता कोणाचा आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. इंदूरमधले रस्ते एकाच्या ताब्यात नाहीत. वस्तीतले बहुतेक रस्ते नगर निगमचे (म्हणजे महापालिकेचे), काही लोक निर्माण विभागाचे (आपल्याकडचं सार्वजनिक बांधकाम खातं), नव्या योजनांमधले काही इंदूर विकास प्राधिकरणाचे, तर बायपास राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. चुकीच्या खिडकीवर अर्ज दिलात तर तो कोणी नाकारत नाही, हीच पंचाईत आहे. अर्ज घेतात, शिक्का मारतात आणि तो कपाटात जातो. आम्हाला एका कार्यालयात बऱ्याच दिवसांनी तोंडी उत्तर मिळालं, "मॅडम, ये रोड हमारा है ही नहीं." लेखी द्या म्हटल्यावर तेही मिळालं नाही.

सोपा मार्ग असा: तुमच्या भागाच्या निगम झोन कार्यालयात जा आणि उपयंत्र्यांना (कनिष्ठ अभियंत्यांना) विचारा की या रस्त्याचं शेवटचं डांबरीकरण किंवा काँक्रीटीकरण कोणी केलं. ज्याने खर्च केला, बहुतेक वेळा देखभालही त्याचीच असते. तिथे उत्तर मिळालं नाही तर पार्षदांच्या, म्हणजे नगरसेवकांच्या, कार्यालयात विचारा. शहरात ८५ वॉर्ड आहेत आणि आपल्या वॉर्डातला कुठला रस्ता कोणाच्या निधीतून झाला हे पार्षदांच्या माणसांना तोंडपाठ असतं.

दोन्हीकडे दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. दोनच प्रश्न विचारा. या रस्त्याची देखभाल कोणत्या विभागाकडे आहे? शाळेच्या परिसरासाठी कलम ११२ पोटकलम २ खाली वेगमर्यादेची काही अधिसूचना निघाली आहे का, असल्यास तिची प्रत द्या. दहा प्रश्नांचा अर्ज पाठवू नका, नाहीतर सोप्या प्रश्नांची उत्तरं येतात आणि हवं ते "शाखेशी संबंधित नाही" म्हणून परत येतं.

२. सध्या काय लावलेलं आहे ते नीट पाहा

शाळेच्या दोन्ही बाजूंनी दोनशे-दोनशे मीटर चालत जा. गाडीतून पाहून उपयोग नाही.

लाल किनारीच्या त्रिकोणात मुलांचं चित्र असेल तर ती सावधानतेची पाटी आहे. ती चालकाला पुढे शाळा असल्याचं सांगते, वेग बांधून देत नाही. लाल गोलात आकडा असेल तर ती मर्यादा आहे आणि ती मोडणं गुन्हा. खूप शाळांसमोर फक्त त्रिकोण असतो आणि पालक म्हणतात, "पाटी तर आहे, तरी पाळत नाहीत." तिसरा प्रकार शाळेने स्वतः किंवा एखाद्या दुकानाने जाहिरातीसकट लावलेल्या फलकाचा: "सावकाश चालवा, मुलं देवाघरची फुलं". भावना चांगली असते, पण अशा फलकावर २० लिहिलेलं असलं तरी त्यावरून चलान होत नाही. रस्त्यावर वाहतूक चिन्ह लावायचा अधिकार सरकारने अधिकृत केलेल्या यंत्रणेलाच असतो.

पाटी दिसते का, हेही पाहा. आमच्याकडे गोल पाटी होती, पण कडुलिंबाच्या फांदीआड. फांदी छाटून होते न होते तोच त्याच खांबावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. सकाळच्या उन्हात, वाहन चालवणाऱ्याच्या उंचीवरून, पन्नास मीटर अंतरावरून फोटो काढा. पाटी झाकलेली दाखवायला एवढा एक फोटो पुरतो.

३. वेग मोजा, अंदाज सांगू नका

"गाड्या फार जोरात जातात" या वाक्याला कुठल्याच कार्यालयात किंमत नाही. आकडा न्या. यासाठी यंत्र लागत नाही.

लागणाऱ्या वस्तू: लांब मोजपट्टी, खडू, फोन, वही, आणि रस्त्याकडे पाहणारी एखादी गच्ची किंवा पहिल्या मजल्याची खिडकी.

रस्त्याच्या कडेला बरोबर ५० मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा मारा. रेघा पहाटे, रस्ता रिकामा असताना मारा, आणि एकाने दोन्ही बाजूंना नजर ठेवा. मग वरून फोनवर व्हिडिओ घ्या. गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेघेवर आल्यापासून दुसऱ्या रेघेवर येईपर्यंतचे सेकंद मोजा. १८० ला त्या सेकंदांनी भागा, ताशी किलोमीटर मिळतात. ९ सेकंद लागले तर २०, ७.२ ला २५, ६ ला ३०, ४.५ ला ४०, ३.६ ला ५० आणि ३ सेकंदांत गेली तर ६०.

स्टॉपवॉच हाताने दाबायचं टाळा. अंगठ्याला एक पंचमांश सेकंद उशीर झाला तरी ५० ची गाडी ४७ किंवा ५३ वर जाते आणि समोरचा अधिकारी नेमकं तेवढंच धरून बसतो. व्हिडिओ सेकंदाला तीस चौकटींचा (फ्रेमचा) असेल तर चौकटी मोजा: १०८ चौकटी म्हणजे ३.६ सेकंद. कंटाळवाणं काम आहे, पण आठवी-नववीच्या मुलांना यात मजा वाटते आणि गणितही होतं.

मोकळ्या जाणाऱ्या गाड्याच मोजा. पुढच्या रिक्षामागे अडकलेल्या कारचा वेग हा रिक्षाचा वेग असतो. शंभरेक गाड्यांचे आकडे झाले की चढत्या क्रमाने लावा आणि ८५ व्या गाडीचा वेग बघा. वाहतूक अभियंते याच आकड्यावर बोलतात, त्यामुळे अर्जात "शंभरातल्या ८५ गाड्या या वेगाच्या आत, उरलेल्या १५ याच्याही वर" असं लिहिलंत की बैठकीचा सूर बदलतो. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सिव्हिलच्या मुलांना प्रकल्पासाठी असे विषय हवेच असतात. त्यांच्या प्राध्यापकांची सही असलेला तक्ता पालकांच्या तक्त्यापेक्षा जड पडतो.

आता कोणत्या वेळी मोजायचं. शाळा भरताना आणि सुटताना फाटकासमोर एवढी कोंडी असते की सगळ्यांचा वेग १५ च्या आत असतो. त्या वेळचे आकडे दिलेत तर "इथे तर वेग आहेच कुठे?" असं ऐकून घ्यावं लागेल. खरा धोका घंटेच्या आधीच्या आणि नंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत असतो. रस्ता मोकळा झालेला, उशीर झालेलं एखादं पोर धावत येतंय, आणि ऑफिसची घाई असलेला माणूस कोंडी सुटली म्हणून पाय दाबतोय. त्या वेळचे आणि दुपारच्या सुट्टीचे आकडे घ्या.

मोजताना दिसणारे गाड्यांचे नंबर पालकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकू नका. त्यातल्या निम्म्या गाड्या गटातल्याच असतात, आणि तिथून पुढे वेगाचा विषय बाजूला पडून भांडण सुरू होतं.

४. फाइल तयार करा

सगळा मजकूर हिंदीत करा. कार्यालयातली नोंद हिंदीत होते, आणि मराठी अर्ज कोणीतरी वाचून दाखवीपर्यंत पडून राहतो. फाइलमध्ये हे हवं:

– शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, विद्यार्थिसंख्या आणि शाळेच्या वेळा त्यात असाव्यात. याशिवाय पुढे जाऊच नका. पालकांचा अर्ज हा काही नागरिकांचा अर्ज असतो, शाळेचं पत्र हे संस्थेचं म्हणणं असतं.
– हाताने काढलेला नकाशा चालेल: फाटक, वळणं, सध्याच्या पाट्या, झेब्रा पट्टे असतील तर ते, रिक्षा आणि व्हॅन कुठे थांबतात ते.
– वेळ आणि तारीख दिसणारे चार-पाच फोटो.
– वेगमोजणीचा तक्ता.
– पालकांच्या सह्या, पत्त्यासकट.
– आधी केलेल्या तक्रारींचे क्रमांक.
– माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर.

मागणी नेमकी लिहा. "वेग कमी करावा" असं लिहिलं की एखादा पोलीस दोन दिवस उभा करतात आणि विषय संपवतात. आमच्या अर्जात चार मागण्या होत्या: फाटकाच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंत ताशी ३० ची मर्यादा अधिसूचित करा, दोन्ही टोकांना गोल पाटी लावा, फाटकासमोर उंच झेब्रा पट्टा बांधा, फाटकाच्या लगत वाहन थांबवायला मनाई करा. फाटकाच्या लगत उभ्या कारमागून निघालेलं पहिलीतलं मूल चालकाला दिसतच नाही, म्हणून चौथी मागणी गाळू नका.

३० हाच आकडा का, असं विचारतील. त्यासाठी एक परिच्छेद तयार ठेवा. मुलं आणि गाड्या एकत्र येतात तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी, असं फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने तो जाहीरनामा उचलून धरला. साधं गणितही द्या. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि चालकाला एका सेकंदात भान आलं असं धरलं, तर ३० ची गाडी सुमारे १३ मीटरमध्ये थांबते, ५० ची सुमारे २८ मीटरमध्ये, ६० ची सुमारे ३७ मीटरमध्ये. मूल १५ मीटरवर रस्त्यात आलं तर ३० वाला त्याच्या अलीकडे थांबतो. ५० वाल्याचा पाय नुकताच ब्रेकवर पडलेला असतो.

कायद्यातली एक सोय कमी लोकांना माहीत आहे. निर्बंध एका महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल तर राजपत्रातल्या अधिसूचनेची गरज नाही, असं त्याच कलम ११२ मध्ये आहे. तेव्हा "आधी एक महिना करून बघू" हा प्रस्ताव सोबत ठेवा. अधिकाऱ्याला सही करायला तो सोपा जातो, आणि महिन्यानंतर पुन्हा वेग मोजून तुम्ही कायमच्या मर्यादेसाठी बोलू शकता.

५. अर्ज कुठे द्यायचा

एकाच अर्जाच्या चार प्रती करा: उपायुक्त, वाहतूक पोलीस. रस्त्याचा मालक विभाग. जिल्हाधिकारी, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समिती त्यांच्याकडे असते. आणि चौथी आपली, जिच्यावर तिन्ही कार्यालयांचे आवक शिक्के आणि क्रमांक घ्यायचे. इंदूरला डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे जुने जाणकार "एसपी साहेबांना भेटा" म्हणतील तिकडे लक्ष देऊ नका.

प्रत्येक प्रतीवर बाकीच्या दोघांची नावं "प्रतिलिपि" म्हणून लिहा. नाहीतर पोलीस म्हणतात पाटी निगम लावेल, निगम म्हणतं पोलिसांचं पत्र आलं की लावू, आणि तुम्ही मधल्या मधे हेलपाटे घालता. आमचं काम अडलं होतं ते नेमकं या दोन टेबलांच्या मधे. सुटलं ते दोघांनाही एकाच दिवशी एकाच जागी बोलावल्यावर, शाळेच्या फाटकासमोर, शाळा सुटायच्या वेळी. कागदावर वाद घालणारी माणसं तिथे दहा मिनिटं उभी राहिली की बोलणं पाटी कुठल्या खांबावर लावायची यावर येतं. शाळेकडून अशा संयुक्त पाहणीचं निमंत्रण जाईल हे बघा.

दाद लागली नाही तर पुढचे मार्ग:

मंगळवारची जनसुनवाई, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात ती बैठक. मोती तबेल्यातल्या कलेक्टर कार्यालयात मंगळवारी सकाळी ती असते. लवकर जा, फाइल घेऊन जा, आणि दोन मिनिटांत सांगता येईल एवढंच बोला. मुख्याध्यापक किंवा त्यांचा प्रतिनिधी बरोबर असेल तर उत्तम.

सीएम हेल्पलाइन १८१. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि ती पहिल्या पातळीच्या अधिकाऱ्यापासून चौथ्या पातळीपर्यंत चढत जाते. गंमत अशी की तक्रार प्रलंबित राहिली की अधिकाऱ्याचा हिशेब बिघडतो, म्हणून मग फोन येतात: "काम हो जाएगा, आप शिकायत बंद करवा दीजिए." गोड बोलतात. काम झाल्याशिवाय हो म्हणू नका. हेल्पलाइनवरून समाधानाबद्दल विचारतील तेव्हा स्पष्ट "नाही" सांगा आणि कारण एका वाक्यात द्या. तक्रारही नेमकी असू द्या. "वाहतूक समस्या" लिहिलं तर पोलीस पाठवून फोटो काढतील आणि निकाल लावतील. "अमुक शाळेसमोर वेगमर्यादेची गोल पाटी नाही" लिहिलं तर पाटीच लावावी लागते.

इंदूर ३११ ॲप. पुसलेले पट्टे, पडलेला खांब, फांद्या, फ्लेक्स या निगमच्या कामांसाठी हे सगळ्यात चपळ आहे. फोटो टाकला की माणूस येतो. मर्यादा ठरवण्याचं काम मात्र इथे होत नाही.

६. गतिरोधकाची घाई नको

पाटीने वेग थोडा उतरतो, पोलिसाने पोलीस असेपर्यंत उतरतो, आणि रस्त्याच्या बांधणीने कायमचा उतरतो. हे माझं मत आहे आणि दोन शाळांसमोरचे रस्ते पाहून ते पक्कं झालं आहे. पण बांधणी धड हवी.

पालकांनी वर्गणी काढून रातोरात मलबा टाकून केलेला गतिरोधक हा सगळ्यात वाईट उपाय. तो अनधिकृत असतो, रंगवलेला नसतो आणि पावसाळ्यात पहिला पडतो तो स्कूटीवरून मुलाला सोडायला आलेला पालकच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गोलसर उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितला आहे, आणि तो ताशी २५ च्या आसपास आरामात ओलांडता येतो. म्हणजे लांब, सपाट चढ. वस्त्यांमध्ये जो हातभर रुंद आणि वीतभर उंच "टेकडी" असते, ती त्या मानकात कुठेच बसत नाही. उंचवट्याच्या ४० मीटर आधी सूचना देणारी पाटी हवी आणि त्यावर पट्टे रंगवलेले हवेत.

शाळेसाठी माझी पसंती उंच झेब्रा पट्ट्याला. मुलं पदपथाच्या पातळीवरूनच रस्ता ओलांडतात, गाडीला चढावं लागतं म्हणून ती हळू होते, आणि थांबायची जागा कुठली यावर शंका राहत नाही. रबरी पट्ट्या घेऊ नका. त्यांचे तुकडे उखडतात आणि खिळे रस्त्यात उभे राहतात.

७. पोलीस कारवाई कशी करतात

तुम्ही फाटकावर उभं राहून "तो ७० ने गेला" असं शपथेवर सांगितलं तरी त्यावर शिक्षा होत नाही. कलम १८३ प्रमाणे एका साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर वेगाचा गुन्हा सिद्ध होत नाही, यंत्राने केलेली मोजणी लागते. म्हणून स्पीडगन किंवा कॅमेरा. पालकांनी पाठवलेल्या व्हिडिओवर वेगाचं चलान होण्याची अपेक्षा धरू नका. उलट्या दिशेने येणं, हेल्मेट नसणं, तिघं बसणं यांसाठी तसे व्हिडिओ कामाला येतात.

दंड कायद्यात असा आहे: हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि जड वाहनाला २,००० ते ४,०००. दुसऱ्यांदा सापडलात तर परवाना जप्त होऊ शकतो. जागेवर भरायची तडजोड रक्कम राज्य ठरवतं आणि ती चलानावर छापलेली असते, तेवढीच द्या आणि पावती घ्या. चालवणं धोकादायकच असेल तर कलम १८४ लागतं आणि तिथे तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

पोलिसांना रोज उभं राहायला सांगू नका, त्यांच्याकडे माणसं नाहीत. तुमच्या तक्त्यात सगळ्यात जास्त वेग ज्या अर्ध्या तासात आला तो त्यांना द्या. आठवड्यातले दिवस बदलत आले तर वचक जास्त राहतो. हॉर्नचाही विषय याच बैठकीत काढा: शिक्षणसंस्थेभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र मानलं जातं आणि गरज नसताना हॉर्न वाजवण्याचा दंड पहिल्यांदा १,००० रुपये आहे.

८. चलान तुम्हालाच आलं तर

नव्याने आलेल्यांसाठी हे महत्त्वाचं. एमएच पाटीची गाडी आहे म्हणून चलान येणार नाही, असं नाही. नोंदणीतला मोबाइल नंबर जुना असेल तर मेसेज दुसऱ्याला जातो आणि थकलेली चलानं गाडी विकताना समोर येतात. परिवहनच्या ई-चलान पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकून अधूनमधून पाहा. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार असाल तर गाडीची नोंदणी बदलून घ्यावी लागते. त्यासाठी आरटीओ नायता मुंडल्याला आहे, विजयनगरच्या जुन्या जागी जाऊ नका.

कॅमेऱ्याचं चलान आलं की ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियम १६७-अ प्रमाणे तपासा. इंदूर त्या नियमाच्या शहरयादीत आहे. सूचना घटनेपासून १५ दिवसांत निघायला हवी. फोटोत गाडीची पाटी स्पष्ट दिसावी, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम लिहिलेलं असावं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी इशाऱ्याची पाटीही लागते. यातलं काही नसेल, किंवा पाटीवर मर्यादा एक आणि चलानावर दुसरी असेल, तर पैसे भरण्याआधी तक्रार नोंदवा. भरलं की गुन्हा मान्य केल्यासारखंच होतं. सगळं बरोबर असेल तर भरून मोकळे व्हा.

९. बस, व्हॅन आणि घरची स्कूटी

५ जानेवारी २०१८ ला इंदूरच्या बायपासवर एक स्कूलबस दुभाजक ओलांडून ट्रकवर आदळली. चार मुलं आणि चालक गेले. त्यावरून झालेल्या याचिकांत उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये निर्देश दिले: १२ वर्षांपेक्षा जुनी बस नको, स्पीड गव्हर्नर हवा, जीपीएस आणि सीसीटीव्ही हवेत. स्कूलबसला ताशी ४० वर बांधणारा गव्हर्नर असावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलं होतं. बसचा नंबर एम-परिवहन ॲपमध्ये टाकला की नोंदणीचं वर्ष, फिटनेस आणि विमा दिसतो. प्रवेशाची फी भरण्याआधी हे पाहा, नंतर बोलायला जागा राहत नाही.

घरच्यांबद्दल. चार वर्षांखालचं मूल दुचाकीवर मागे असेल तर त्याला हेल्मेट आणि पट्टा हवा आणि वेग ४० च्या वर नको, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. दहावीच्या मुलाला क्लासला जायला स्कूटी देणाऱ्यांनी कलम १९९-अ वाचावं: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. सोळा वर्षं पूर्ण झालेल्याला ५० सीसीच्या आतली गाडी चालते, पण बाजारातल्या पेट्रोल स्कूटी जवळजवळ सगळ्या त्याच्या दुप्पट असतात. भंवरकुआंच्या क्लासेसच्या रांगेत उभ्या स्कूटी बघा म्हणजे कळेल.

१०. टिकवायचं कसं

मर्यादा मिळाली की फाइल शाळेच्या कार्यालयात जमा करा, कोणा पालकाच्या घरी ठेवू नका. मूल बारावी झालं की पालक जातात आणि फाइलही जाते. अधिसूचनेची प्रत वाहतूक ठाण्यातही देऊन ठेवा, कारण अधिकारी बदलले की नवीन माणसाला ती कुठे आहे माहीत नसतं.

थर्मोप्लास्टिक पट्टे पावसाळ्यानंतर फिके पडतात. दिवाळीच्या सुट्टीत एकदा आणि जूनमध्ये शाळा भरायच्या आधी एकदा पाहणी करा: पाटी दिसते का, पट्टे दिसतात का, उंचवट्याचा रंग आहे का. थंडीत प्रशासन शाळांच्या वेळा पुढे ढकलतं. पाटीखाली वेळेची पट्टी असेल तर त्या काळात ती चुकीची ठरते, म्हणून मर्यादा चोवीस तासांचीच मागा. वर्षातून एकदा त्याच ५० मीटरवर त्याच वेळेला पुन्हा गाड्या मोजा आणि नवा तक्ता जुन्याच्या मागे लावून ठेवा. पुढचा अर्ज त्याच्यावरच लिहिला जाणार असतो.